कागदाबाहेर गेलेली रेघ

मागील वर्षी भीमजयंतीनिमित्त आपल्या विहाराच्या सभागृहात शालेय विद्यार्थ्यांची चित्रकला स्पर्धा झाली. विषय होता ‘श्रम’. वेळ दोन तास, कागद संस्थेचा, रंग ज्याचे त्याचे. परीक्षक तिघे होते आणि त्यांत आम्हीही होतो. कला शाखेचे पदवीधर एवढ्या एका पात्रतेवर आम्हाला तेथे बसविण्यात आले होते, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

नववीतली एक मुलगी. आईवडील ऊसतोडीला जाणारे, हंगाम संपवून नुकतेच गावी परतलेले. तिने रंगपेटी आणलीच नव्हती. चुलीतला कोळशाचा तुकडा आणला होता. तिने कागदाच्या डाव्या कोपऱ्यातून एक रेघ सुरू केली, ती वाकडीतिकडी करीत उजव्या कडेपर्यंत आणली आणि तेथे थांबली नाही. रेघ फरशीवर उतरली, फरशीवरून भिंतीपाशी गेली, भिंतीवर चढून खिडकीला भिडली. मध्ये मध्ये तिने सात आडव्या खुणा केल्या. शेवटी पिशवीतून आईचा कोयता काढला आणि सुतळीने खिडकीच्या गजाला टांगला. वरती पंखा फिरत होता. त्या वाऱ्याने कोयता हलायचा आणि गजावर आपटायचा. टण्. थोड्या वेळाने पुन्हा टण्.

आम्ही विचारले, “हे काय?” ती म्हणाली, “सर, ही रेघ घरापासून कारखान्यापस्तोर हाय. सात खुणा म्हंजी आईचे सात हंगाम.”

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिले. चित्र कागदाबाहेर गेले, सबब नियमात बसत नाही, शिवाय भिंत खराब झाली, असा निर्णय झाला. पहिले बक्षीस डोंगरामागून उगवणारा सूर्य आणि नांगर धरलेला शेतकरी या चित्राला दिले. चित्र नीटनेटके होते. अशी चित्रे आम्ही शाळेत असतानाही काढली जात होती.

पुढे काही महिन्यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील एका चित्रकाराविषयी वाचण्यात आले आणि त्या दिवशी आपण काय पाहिले व काय पाहिले नाही, याचा उलगडा होऊ लागला. हा लेख त्या उलगड्याचा आहे. चित्रकलेच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलामुलींनी तो जरूर वाचावा.

रेघ म्हणजे कागदावरचीच, हा समज आपल्याला शाळेने दिला. प्रत्यक्षात रेघेला कागद लागतोच असे नाही. आमच्या बँकेच्या नोकरीत रेघेचा संबंध फार थोडा. पण धनादेशाच्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा ओढल्या की त्याचे पैसे खिडकीवर रोख मिळत नाहीत, खात्यातच जमा होतात. दोन रेघांनी कागदाचा धर्म बदलतो. मग रेघ जमिनीवर आली, भिंतीवर चढली, हवेत लोंबली, तर काय काय बदलू शकेल?

या प्रश्नासाठी परदेशात जाण्याचे कारण नाही. बुद्धगयेला महाबोधी विहाराच्या उत्तर बाजूस चंक्रमणाची जागा आहे. संबोधीनंतर तथागत तेथे येरझाऱ्या घालीत चिंतन करीत होते, अशी परंपरा सांगते. त्या जागी दगडी कमळे ओळीने कोरली आहेत, एकेका पावलाचे एकेक कमळ. तेथे बुद्धांची मूर्ती नाही, चेहरा नाही. केवळ एक ओळ आहे आणि ती पाहणाऱ्याला कळते की येथून कोणीतरी चालत गेले. आरंभीच्या बौद्ध कलेत बुद्धांना मनुष्यरूपात दाखवीतच नसत. पाऊलखुणा, रिकामे आसन, बोधिवृक्ष, चक्र यांवरून ओळखायचे. जे दाखवायचे ते न दाखवता त्याची खूण ठेवायची, ही रीत आपल्याच घरची आहे.

स्तूपाचेही तसेच. स्तूप बांधण्याआधी जमिनीवर वर्तुळ आखावे लागते, आणि त्याला खुंटी आणि दोरी पुरते. म्हणजे प्रथम रेखाटन, मग त्यावर माती, वीट, दगड. पुढे उपासक त्याच वर्तुळावरून प्रदक्षिणा करतो, म्हणजे ती रेघ रोज पायांनी पुन्हा काढतो. नागपूरच्या दीक्षाभूमीचा स्तूप बाहेरून सांचीची आठवण देतो, पण आतून पोकळ आहे. तेथे वर्तुळाच्या आत उभे राहता येते. आपल्यापैकी पुष्कळजण तेथे गेले आहेत. आत कोणी हलक्या आवाजात बोलले तरी तो आवाज कसा फिरतो, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

आवाजाचा विषय निघालाच आहे, तर वेरूळचे दहावे लेणे सांगितले पाहिजे. त्याला लोक ‘सुतार झोपडी’ म्हणतात. साधारण सातव्या शतकातले हे चैत्यगृह. त्याच्या कमानदार छताला दगडात कोरलेल्या फासळ्या आहेत. लाकडी वाशांचे छप्पर असावे तशा त्या दिसतात. दगडाला वाशांची गरज नव्हती. कारागिरांनी लाकडी घराच्या रेघा दगडात तशाच ओढल्या. संस्थेच्या सहलीत आम्ही तेथे गेलो होतो. सर्वांनी मिळून त्रिशरण म्हटले आणि शेवटचा शब्द संपल्यावरही तो छतात काही क्षण राहिला. सोबतची लहान मुले वर पाहू लागली, वर कोणी म्हणते आहे की काय म्हणून. रेघ, दगड, पोकळी आणि ध्वनी हे चारही तेथे एकत्र आहेत. आज ज्याला ‘मांडणशिल्प’ म्हणतात, म्हणजे ज्या कलाकृतीसमोर नुसते उभे न राहता जिच्या आत शिरायचे असते, ती कल्पना आपल्याला अनोळखी नाही. नाव तेवढे नवे.

पश्चिमेकडील कलावंत या वाटेवर वेगळ्या कारणांनी आले. अमेरिकेच्या अलेक्झांडर काल्डरने १९२६ पासून तारा वाकवून चेहरे, प्राणी आणि एक संपूर्ण सर्कस बनविली. तार म्हणजे हवेत काढलेली रेघच. जर्मनीत जन्मलेल्या आणि ज्यू म्हणून १९३९ मध्ये देश सोडावा लागलेल्या गेगो या कलावंत बाईंनी व्हेनेझुएलात १९६९ साली तारांच्या जाळ्यांनी एक खोली भरून टाकली, बघणारा त्या जाळ्यांमधून चालत असे. इंग्लंडच्या रिचर्ड लाँगने १९६७ मध्ये गवतावर एकाच रेषेत पुन्हा पुन्हा ये-जा केली. गवत दबून पायवाट उमटली, तिचे छायाचित्र घेतले, आणि तीच कलाकृती ठरली. आपल्याकडे पाणंदी अशाच पडतात, असे कोणी हसून म्हणेल. म्हणू द्या. १९७९ साली नामांतरासाठी नागपूरहून औरंगाबादकडे निघालेला लाँग मार्च नकाशावर आखून पाहिला, तर तीही माणसांच्या पायांनी ओढलेली एक रेघच दिसेल.

रेघेतून आवाज कसा निघतो, हे मात्र विद्यार्थ्यांना विचित्र वाटेल. ज्यांच्या घरी ग्रामोफोनच्या तबकड्या होत्या त्यांना वाटणार नाही. तबकडीच्या एका बाजूवर गाण्याची एकच खाच असते, कडेपासून मध्यापर्यंत गोल गोल गेलेली. तिच्यात बारीक वळसे असतात, त्यांवरून सुई थरथरत जाते आणि ती थरथर म्हणजे गाणे. आपल्या वडीलधाऱ्यांनी जी भीमगीते तबकड्यांवर ऐकली, ती सगळी अशा एकेका वाकड्या रेघेत साठवलेली होती. ग्रीक वंशाचे संगीतकार यानिस झेनाकिस यांनी तर उलटा प्रवास केला. ते चंडीगढ आखणाऱ्या ल कॉर्बुझिए यांच्या कार्यालयात काम करीत. त्यांनी एका वाद्यसंगीताच्या रचनेसाठी आलेखावर रेषा आखल्या होत्या. त्याच विचारातून पुढे १९५८ च्या ब्रुसेल्स प्रदर्शनातील एका इमारतीच्या वक्र भिंती आल्या. १९७७ मध्ये त्यांनी असे संगणकयंत्र तयार केले की पाटीवर हाताने रेघ ओढावी आणि यंत्राने ती वाजवून दाखवावी.

असो. आता मूळ मुद्द्याकडे येतो.

प्रभाकर पाचपुते यांचा जन्म १९८६ चा, चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा तालुक्यातल्या सास्ती या गावचा. सास्ती म्हणजे कोळसा खाण. त्यांच्या घराण्यातील तीन पिढ्यांचा खाणकामाशी संबंध. त्यांनी छत्तीसगढमधील खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात शिल्पकलेची पदवी घेतली आणि नंतर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेतले. शिल्पकला शिकलेला हा मनुष्य प्रसिद्ध झाला तो कोळशाने भिंतीवर काढलेल्या चित्रांमुळे. २०१२ साली मुंबईच्या क्लार्क हाऊस येथे त्यांचे ‘कॅनरी इन अ कोलमाइन’ या नावाचे प्रदर्शन झाले. कॅनरी हा लहान पिवळा पक्षी. पूर्वी विलायतेत खाणकामगार त्याला पिंजऱ्यात घालून खाली नेत. विषारी वायू साचला की माणसाच्या आधी पक्षी कोसळे, आणि माणसे वर पळत. इशारा मिळावा म्हणून जो मरतो तो पक्षी. शीर्षकातच सगळा विषय आला.

पाचपुते रेघ कोळशाने ओढतात, यात एक साधा अर्थ आहे. चित्रकाराचा कोळसा लाकूड जाळून करतात आणि खाणीतला कोळसा दगडी, दोन्ही वेगळे. पण काळेपणा एकच. ज्या काळ्या रंगाने घराण्याची फुप्फुसे आणि कपडे भरले, त्याच काळ्या रंगाने त्या घराण्यातील मुलगा भिंत भरतो. बाजारातून निळा-पिवळा रंग आणून खाणीचे चित्र काढता येते, नाही असे नाही. परंतु मग ते चित्र खाणीविषयी बोलते. कोळशाने काढले की खाण स्वतः बोलते.

त्यांच्या चित्रांतील माणसे नीट पाहावी लागतात. कित्येकदा त्यांच्या धडावर डोके नसते, त्या जागी दिवा असतो किंवा एखादे अवजार असते. माणूस आणि यंत्र, माणूस आणि जमीन यांची सरमिसळ झालेली असते. प्रथमदर्शनी ही आकृती आपल्याला स्वप्नातली, चमत्कारिक वाटते. आम्हालाही वाटली. मग एके दिवशी शाखेत बसलो असताना कर्जाची चौकशी करायला आलेल्या गृहस्थाने सहज सांगितले, “औंदा आमच्या वस्तीतून चाळीस कोयते गेले.” आणि आम्ही चमकलो. बीड जिल्ह्यात राहून हे वाक्य शेकडो वेळा ऐकले होते. चाळीस कोयते म्हणजे चाळीस अवजारे नव्हेत, चाळीस जोडपी. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी असेल तर अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, टोळी मोजतो ती कोयत्यांनी. माणसाच्या डोक्याच्या जागी अवजार आपल्या भाषेने कधीच बसविले आहे. पाचपुते यांनी काही चमत्कारिक कल्पिलेले नाही. जे बोलले जाते ते त्यांनी काढून दाखविले, एवढेच.

आता त्यांची रेघ भिंतीवरून बाहेर कशी येते ते पाहू. ते भिंतीवर मोठ्या आकाराचे रेखाटन करतात, त्याच्या पुढ्यात शिल्पे मांडतात, प्रकाश ठरावीक दिशेने सोडतात, ध्वनीचाही उपयोग करतात. रेखाटने एकामागून एक टिपून हलती चित्रेही करतात. या हलत्या चित्रांच्या प्रकारात दक्षिण आफ्रिकेचे विल्यम केंट्रिज हे मोठे नाव. जोहान्सबर्ग हे सोन्याच्या खाणींचे शहर, आणि १९९१ च्या त्यांच्या ‘माइन’ या चित्रपटात खाण हाच विषय आहे. केंट्रिज कोळशाचे चित्र काढतात, त्याचा फोटो घेतात, थोडे पुसतात, पुन्हा काढतात, पुन्हा फोटो. पुसलेली रेघ पूर्ण जात नाही, तिची करडी सावली राहते. म्हणून त्या चित्रपटात माणूस हात हलवितो तेव्हा आधीचा हातही अंधुक दिसत राहतो. कष्टाचे चित्र काढायला याहून योग्य पद्धत कोणती? कालचे श्रम आजच्या श्रमांखाली दिसतात.

येथे एक शंका येते. सपाट चित्र पुरेसे नाही का, हा सारा पसारा कशासाठी? आमचे उत्तर असे की, चित्र चौकटीत असते तेव्हा आपण चौकटीबाहेर असतो. खुर्चीवर बसून, चहा घेत घेत, दुसऱ्याचे दुःख पाहता येते. रेखाटन भिंतभर झाले, आपल्या उंचीचे झाले, पायाशी शिल्प आले, अंधार झाला आणि कानावर आवाज पडला की आपल्याला त्या जागेच्या आत यावे लागते. शिवाय खाण किंवा उसाचा फड डोळ्यांनी जेवढा कळतो तेवढाच अंगाने आणि कानानेही कळतो. पहाटेच्या अंधारात फडात शेकडो वेळा होणारा ‘सप् सप्’ आवाज कागदावर कसा काढणार?

२०१४ साली ब्राझीलमधील साओ पाउलोच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात पाचपुते यांचे काम होते. २०१८ च्या कोची-मुझिरिस प्रदर्शनात त्यांनी शेतकऱ्यांच्या संघर्षावर काम मांडले. त्याच वर्षी मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत शेतकरी पायी चालत गेले होते. वेल्स हाही खाणकामगारांचाच मुलूख. तेथील ‘आर्टेस मुंडी’ हा पुरस्कार २०२१ मध्ये सहा कलावंतांना मिळून देण्यात आला, त्यांत पाचपुते होते. २०२२ च्या व्हेनिसच्या प्रदर्शनातही त्यांचे काम लागले. सास्ती ते व्हेनिस ही रेघ बरीच लांब आहे. पण आम्हाला महत्त्वाचे वाटते ते हे की, त्यांनी ती ओढताना सास्ती पुसून टाकली नाही.

याच वाटेवरील आणखी दोघांचा ओझरता उल्लेख करतो. मुंबईचे प्रभाकर कांबळे यांनी ‘उतरंड’ या नावाने मडक्यांवर मडकी रचून शिल्पे केली. २०२२ च्या बर्लिन येथील प्रदर्शनात ती होती. आपल्या वाचकांना त्याचा अर्थ सांगायला नको. बाबासाहेबांनी जिला चढत्या-उतरत्या श्रेणीची विषमता म्हटले, ती आपल्या स्वयंपाकघरातल्या उतरंडीसारखी उभी आहे, खालच्या मडक्यावर सर्वांत जास्त ओझे. दुसऱ्या शिल्पा गुप्ता, याही मुंबईच्या, जे. जे. मध्ये शिल्पकला शिकलेल्या. त्यांच्या एका कामात अंधाऱ्या खोलीत शंभर ध्वनिक्षेपक टांगलेले आहेत. लिहिल्याबद्दल ज्यांना तुरुंगवास झाला अशा शंभर कवींचे शब्द त्यांतून ऐकू येतात, आणि प्रत्येकाखाली टोकदार सळईवर एक कागद खोचलेला आहे. ज्यातून बोलायचे त्या यंत्रातूनच आवाज बाहेर येतो, ही उलटापालट मोठी बोलकी आहे.

या प्रकारच्या सर्वच कामाची आम्ही भलामण करीत नाही. मोठ्या शहरांतील प्रदर्शनांत पुष्कळदा नुसता पसारा असतो आणि सोबत तीन पाने दुर्बोध मजकूर. चार विटा मांडून वर गहन शीर्षक लावले की ते मांडणशिल्प झाले, असे मानणारेही आहेत. कसोटी सोपी आहे. वस्तू त्या जागी का आली, हे वस्तूकडे पाहून समजले पाहिजे. खिडकीला टांगलेला कोयता तेथे का होता, ते कोणालाही समजले असते. आम्हाला समजले नाही, कारण आम्ही नियमावली पाहत होतो.

आणखी एक आक्षेप पालकांचा असतो, आणि तो आम्ही हलका मानीत नाही. चित्र काढून पोट भरते का? ज्या घरात पहिल्यांदा कोणी दहावीच्या पुढे जात आहे, तेथे हा प्रश्न विचारलाच पाहिजे. सर्वांनी चित्रकार व्हावे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा द्याव्यात, त्यांतील वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र मन लावून शिकावे. हात तयार असल्याशिवाय कागदाबाहेर गेलेली रेघ भरकटते. पाचपुते यांनीही आधी रीतसर शिक्षण घेतले आहे. तसेच कलाशिक्षणाची दारे फक्त मुंबईत आहेत असे नाही, हेही त्यांच्या खैरागढ-बडोदा प्रवासावरून ध्यानात यावे. पण ज्या मुलीला किंवा मुलाला आतून काही सांगायचे आहे आणि ते सांगण्यासाठी कागद अपुरा पडतो, त्याला ‘हे चित्र नव्हे’ म्हणून घरी पाठवायचे की नाही, हा प्रश्न पालकांचा नाही. तो आम्हा परीक्षकांचा आहे.

बाबासाहेबांनाही चित्रकलेची ओढ होती. राज्यघटनेचे आणि चळवळीचे एवढे ओझे असताना त्यांनी उतारवयात हाती कुंचला धरला. अभ्यासातून वेळ मिळत नाही म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

ती मुलगी यंदा दहावीत आहे. तिला भेटायला आम्ही तिच्या वस्तीवर गेलो. आईवडील हंगामावर गेलेले, घरी आजी. आम्ही झाल्या निर्णयाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. ती काही बोलली नाही. आजीने चहा ठेवला. निघताना मुलीने विचारले, “सर, भिंत पुसली का?”

भिंत पुसलेली नव्हती. विहाराला रंग देण्याचे काम वर्षभर निधीअभावी राहिले, त्यामुळे ती रेघ आणि सात खुणा अजून जागच्या जागी आहेत. कार्यकारिणीच्या बैठकीत आम्ही विषय मांडला. बरीच चर्चा झाली. रंगकाम करताना उत्तरेची भिंत तेवढी सोडावी, असे शेवटी ठरले. यंदाच्या स्पर्धेच्या नियमांतून ‘संस्थेने दिलेल्या कागदावरच’ हे शब्द काढले आहेत. कोळसा, दोरी, माती, घरातील वस्तू आणता येतील, मात्र कोयत्याची धार कापडाने गुंडाळून आणावी. परीक्षक म्हणून यंदा आमच्या जागी दुसऱ्या कोणाला घ्यावे, अशी विनंती आम्ही केली आहे.